थॉर्नबींच्या गावाला नेलेला फ्लेक्स

अ‍ॅशबर्नहून, म्हणजे मुलीच्या अमेरिकेतल्या गावाहून, निघताना मी तिसऱ्यांदा विचारलं, की नळी गाडीत ठेवली का. मुग्धा म्हणाली, "बाबा, नळी कालच गेली. मार्कस घेऊन गेला ना, चर्चचा हॉल डेकोरेट करायला." मला हे माहीत होतं. तरी विचारल्याशिवाय राहवलं नाही. माझा स्वभावच असा आहे. घराबाहेर पडताना मी कुलूप चार वेळा ओढून बघतो, आणि पाचव्यांदा बघायला जिना चढतो तेव्हा सुलभा, म्हणजे माझी बायको, खाली रिक्षात बसून हसत असते.

नळीत एक फ्लेक्स होता. साताऱ्याहून छापून आणलेला, माणूस आडवा झोपेल एवढा लांब. मुंबईच्या विमानतळावर त्या नळीवर टकटक करून बघितलं गेलं, इकडे उतरल्यावर एका कुत्र्याने ती हुंगली, आणि दोन्ही वेळा मला दरदरून घाम फुटला. आत काय आहे ते मी मुलीलाही सांगितलं नव्हतं. तिने फोनवर विचारलं होतं तेव्हा एवढंच म्हणालो, की जावयाच्या घरच्यांना भेट आहे. त्यावर ती म्हणाली होती, "सरप्राइज वगैरे नको यार बाबा, मला टेन्शन येतं."

आता सांगतो. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि नंतरची सहा वर्षं आमच्या निंबोडकर घराण्याचा कुलवृत्तांत तयार करण्यात घालवली. कोण कुठून आला, कोणाला मुलं किती, कोण नाव काढणारा निघाला, हे सगळं कागदपत्रं तपासून लिहिलं. मुग्धाने मार्कस थॉर्नबी नावाच्या मुलाशी लग्न केलं तेव्हा माझ्या हातात हीच एक कला होती. म्हणून मी तीन महिने कॉम्प्युटरसमोर बसून थॉर्नबी आडनावाचा शोध घेतला. हे मूळचं इंग्लंडातलं, गावावरून पडलेलं आडनाव. थॉर्न म्हणजे काटा आणि 'बी' म्हणजे वस्ती, असा अर्थ मिळाला. म्हणजे आमच्याकडचे बाभूळगावकर. मला फार जवळचं वाटलं ते. मग एकेक नामवंत थॉर्नबी सापडत गेले: चिलखतातला एक सरदार, आरमारातला एक कप्तान, झाडांना नावं देत फिरणारा एक वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि समुद्र ओलांडून व्हर्जिनियात आलेला, पांढऱ्या केसांचा टोप घातलेला एक न्यायाधीश. सगळ्यांची चित्रं मी ओळीने लावली, रेषांनी जोडली आणि तळाशी मार्कसचा फोटो ठेवला. जिथे दुवा सापडला नाही तिथे आमच्या कुलवृत्तांताच्या पद्धतीप्रमाणे तुटक रेषा काढली. तुटक रेषा म्हणजे अनुमान.

एवढा खटाटोप कशासाठी, तेही सांगायला हवं. लग्नाला मी गेलो नव्हतो. व्हिसा मिळाला नाही असं सांगितलं. खरं म्हणजे अर्जच केला नव्हता. मार्कस काळा आहे, आणि साताऱ्यात लोक काय म्हणतील या विचाराने माझे पाय उचलले नाहीत. हे लिहिताना लाज वाटते, पण प्रवासाचं वर्णन लिहायचं तर निघालो का नव्हतो तेही लिहायला हवं. थॉर्नबी मंडळींचं दर दोन वर्षांनी गावी संमेलन भरतं. यंदा त्यांनी आम्हाला आग्रहाने बोलावलं होतं, आणि तो फ्लेक्स म्हणजे माझी न बोलता मागितलेली माफी होती.

अ‍ॅशबर्नमधून बाहेर पडताना अर्धा तास नुसत्या डेटा सेंटरच्या इमारती दिसत राहतात. एकाही भिंतीला खिडकी नाही. मुग्धा त्यातल्याच एकीत काम करते. आत माणसं किती असतात असं मी विचारलं, तर म्हणाली, अगदी थोडी. सुलभाला ते ऐकून कसंसंच झालं. पुढे हायवे लागला, आणि मी मागच्या सीटवरून वेगाचा काटा बघत बसलो.

दोन तासांनी नाश्त्याला थांबलो. रस्त्याकडेचं जुनं हॉटेल होतं. ग्रिट्स (मक्याच्या कण्यांची पेज) मागवली. ती अळणी होती, पण लोणी घातल्यावर चव आली. बिस्किट नावाचा जो प्रकार आला त्याचा आपल्या बिस्किटाशी काही संबंध नव्हता. तो गरम, फुगीर पाव होता. वाढणाऱ्या बाईंनी आम्ही कुठे निघालो ते विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, की थॉर्नबींच्या संमेलनाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मुग्धाकडे बघितलं आणि विचारलं, "कुठले थॉर्नबी?"

मी म्हणालो, सगळे एकच ना. बाई कॉफी ओतून पुढे गेल्या. मुग्धा ग्रिट्समध्ये नुसता चमचा फिरवत राहिली. सुलभा म्हणाली, लोणी जास्त झालं असेल.

तिथून पुढे माती लाल झाली, अगदी आपल्या महाबळेश्वरच्या घाटातल्यासारखी. दोन्ही बाजूंना उंच पाइन, मधे उघडी शेतं, आणि कडेला वाकलेल्या लाकडी वखारी. पूर्वी त्यांत तंबाखू वाळवत, असं मुग्धाने सांगितलं. एका वळणावर प्रेक्षणीय स्थळाची तपकिरी पाटी दिसली: थॉर्नबी हॉल, दोन मैल.

मी सीटवरून पुढे झुकलो. हेच घर! त्या न्यायाधीशाचं. फ्लेक्सवर त्याच्या चित्रामागे मी याच घराचा फोटो फिका करून टाकला होता. मुग्धाला म्हटलं, वाट वाकडी करून जाऊ, आपल्याच माणसांचं घर आहे. ती म्हणाली, "बाबा, तिथे मार्कसची फॅमिली जात नाही." का, ते मी विचारलं नाही. भाऊबंदकी असेल असं मी धरून चाललो. घराणं म्हटलं की वाड्यावरून, शेतावरून कुणाचं तरी कुणाशी बोलणं बंद असतंच. मी पुन्हा आग्रह केला. तिने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी वळवली. "ठीक आहे. बघाच तुम्ही. मी गाडीत बसते."

पांढऱ्या खांबांचं ते मोठं घर होतं. समोर हिरवळ आणि दोन प्रचंड ओकची झाडं. माहिती सांगणाऱ्या एक वयस्कर गोऱ्या बाई होत्या, बोलायला गोड. त्यांनी जेवणाचं दालन दाखवलं, घड्याळ दाखवलं, आणि जिन्यावर लावलेलं न्यायाधीशाचं तैलचित्र दाखवलं. मी सुलभाला कोपराने ढोसलं. तोच टोप, तीच हनुवटी. मी बाईंना सांगितलं, की हे आमच्या जावयाचे पूर्वज. बाईंनी चेहरा उजळून विचारलं, तुमचे जावई कुठल्या शाखेचे? मी मोबाइलवरचा फोटो पुढे केला.

बाईंनी तो फोटो नीट पाहिला. मग फार सौम्यपणे म्हणाल्या, की मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या पलीकडे, एक खोली आहे. ती तुम्ही बघावी असं मला वाटतं.

खोलीत एका भिंतीवर काचेमागे एक जुना दस्तऐवज मोठा करून लावला होता. न्यायाधीश वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची केलेली यादी. सरकारी नोकरीत मी असल्या याद्या आयुष्यभर वाचल्या आहेत, त्यामुळे वरून खाली बोट फिरवत वाचू लागलो. बैल. खेचरं. नांगर. पितळी कढया. आणि त्याच अक्षरात, त्याच शाईत, पुढची ओळ: ईस्टर, बाई. जेकब, पुरुष. हॅना, मुलगी. अशी सत्तावीस नावं, आणि एकालाही आडनाव नाही.

सुलभाला इंग्रजी वाचायला वेळ लागतो. ती यादीच्या तळाशी येईपर्यंत मी भिंतीला हात टेकून उभा होतो. तिने वाचून संपवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "अहो, तुम्ही फ्लेक्सवर याचं चित्र कुठे लावलंय?"

मार्कसच्या डोक्यावर. बरोबर डोक्यावर लावलं होतं.

माझ्या शर्टाच्या खिशात नेहमी एक छोटी डायरी असते. काय करावं ते सुचेना, म्हणून मी ती काढून सत्तावीस नावं उतरवून घेतली. मग व्हरांड्यात येऊन मार्कसला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. चौथ्यांदा लावल्यावर सुलभा म्हणाली, आता पोरीला सांगा.

गाडी चालू झाल्यावर सांगितलं. कोणाकोणाची चित्रं आहेत, रेषा कुठून कुठे गेली आहे, तळाशी काय छापलं आहे, सगळं. तळाशी मी 'एक थोर घराणं' असं इंग्रजीत छापून घेतलं होतं. मुग्धाने मधे एकदाही अडवलं नाही. मग ती म्हणाली, "लग्नाला तुम्ही का नाही आलात ते मला माहितीये बाबा. मी त्यांना कधीच सांगितलं नाही. व्हिसाच सांगितलंय अजून. मार्कसची रूबीआजी तुमच्यासाठी पोर्क न घालता वेगळी भाजी करणार आहे आज. आणि तुम्ही हे आणलंय."

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणालो. आणि म्हणतानाच कळलं, की हे खोटं आहे. गुलामगिरी मला माहीत होती. शाळेत शिकलो होतो. एवढंच, की तीन महिन्यांत एकदाही ती या आडनावापाशी आणून ठेवावी असं माझ्या मनात आलं नाही. मुग्धाने गाडीतून मार्कसला फोन लावला. तोही वाजून वाजून थांबला.

उरलेल्या चाळीस मिनिटांत मी बाहेरचं काही पाहिलं नाही. ट्रॅक्टर आडवा आला, तर मी मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या. मार्कसने नळी उघडलीच नसेल, असं एकदा वाटे. दुसऱ्या क्षणी तो फ्लेक्स भिंतीवर लावलेला आणि खाली माणसं जमलेली दिसत. ही माणसं आता माझ्या मुलीकडे कशी बघतील, ही एकच काळजी राहिली होती. माझं काय, मी पंधरा दिवसांत परत जाणार होतो. तिला इथेच राहायचं होतं.

विटांचं छोटं चर्च, मागे पत्र्याच्या छपराचा हॉल, झाडांखाली गाड्या. एका फाटकाशी मार्कस उभा होता. तो नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार करायला आला आणि म्हणाला, "या बाबा." मुग्धाने शिकवलेले हे दोन शब्द तो फार जपून उच्चारतो. मी त्याचे खांदे धरून विचारलं, नळी कुठे आहे? तो म्हणाला, आजीने उघडली. तुमची वाट बघते आहे.

रूबीबाई मार्कसच्या आजी. नव्वदीला आलेल्या, लहानखुऱ्या, जांभळ्या टोपीतल्या. हॉलमधल्या लांब टेबलावर फ्लेक्स पूर्ण पसरलेला होता आणि त्याची टोकं मक्याच्या पावाच्या परातींनी दाबून ठेवली होती. आजूबाजूला चाळीस-पन्नास माणसं होती, पण त्या टेबलापाशी कोणी नव्हतं. त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर बसायची खूण केली. मी हात जोडले. त्यांनी न्यायाधीशाच्या चित्राकडे बोट केलं आणि विचारलं, हा कोण ते तुला माहीत आहे का? इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण मला तो 'तू'च ऐकू आला, आणि वयाने तो त्यांचा हक्कच होता.

"आता माहीत आहे," मी म्हणालो. "सकाळी नव्हतं."

त्यांनी मान हलवली. मग बोट खाली आणत आणत तुटक रेषेवर ठेवलं. या तुटक रेषेचा अर्थ त्यांनी विचारला. पुरावा नाही, अनुमान आहे, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अनुमान चुकलेलं नसेलही. आमच्यात काही जणांची हनुवटी बघ. पण ही रेषा कोणत्या बाईवर काय होऊन आली, ते लिहायला तू जागा ठेवलेली नाहीस. म्हणून आम्ही ती काढत नाही."

मी क्षमा मागितली. मग लग्नाचंही सांगितलं. व्हिसाचं कारण खोटं होतं आणि खरं काय होतं, तेही. मुग्धा मागे उभी होती. रूबीबाई म्हणाल्या, ते मला लग्नाच्या दिवशीच समजलं होतं. एवढं बोलून त्या पाणी प्यायल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत.

थोड्या वेळाने मीच विचारलं, की त्या माणसाचं आडनाव तुम्ही मग ठेवलंत का? सुटका झाल्यावर टाकून का नाही दिलंत?

"तो मेल्यावर ईस्टरची तीन मुलं विकली गेली," त्या म्हणाल्या. "कुठे, ते तिला माहीत नव्हतं. सुटका झाली तेव्हा सगळे म्हणाले, नवं नाव घे. ती म्हणाली, मी नाव बदललं तर पोरं मला शोधणार कशी? त्यांना तेवढंच एक नाव ठाऊक आहे. ते नाव त्याचं नव्हतं. तो तिचा पत्ता होता."

मी खिशातली डायरी काढली आणि पहिलं नाव दाखवलं. त्यांनी चष्मा न लावताच पुढची नावं म्हणून दाखवली, यादीतल्याच क्रमाने. मुलं सापडली का, असं मी विचारलं. एक सापडली, हॅना. म्हणाल्या, "आम्ही सगळे तिचे."

मग त्यांनी परात उचलली आणि मार्कसला फ्लेक्स उलटा करायला सांगितलं. मागची बाजू पांढरी, कोरी होती. माझं अक्षर चांगलं आहे असं मुग्धाने त्यांना कधीतरी सांगितलं होतं, आणि त्यांनी काळा मार्कर माझ्या हातात दिला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. सगळ्यात वर ईस्टर. तिच्या खाली हॅना, जिने सुईण म्हणून या भागातली निम्मी बाळंतपणं केली. तिचा मुलगा, ज्याने रात्रीची शाळा चालवली आणि ती दोनदा जाळली गेली तेव्हा दोनदा बांधली. एक न्हावी, एक सैनिक, एक शिवणकाम करणारी, जिने शिवलेला कोट कोणा राज्यपालाने घातला होता. मधेच कोणी येऊन म्हणे, माझ्या काकाचं राहिलं. एक मुलगी "मी पण फेमस आहे" म्हणाली, तर रूबीबाईंनी तिचंही नाव घालायला लावलं. मान आखडली, बोटं काळी झाली. दुसऱ्या बाजूचा वनस्पतिशास्त्रज्ञ माझ्या मनगटाखाली दबून गेला होता.

जेवायला बसलो. पोर्क न घातलेली कॉलर्ड्सची भाजी (आपल्या माठासारखी, जरा जाड पानांची) सुलभाने दोनदा वाढून घेतली. रताळ्याचं सारण भरलेला 'पाय' नावाचा गोड प्रकार आपल्या पुरणाच्या बराच जवळ जातो, असं तिचं मत पडलं. मुग्धा माझ्या शेजारी येऊन बसली. तिने माझ्या ताटातला मक्याचा पाव लहानपणी उचलायची तसा न विचारता उचलून खाल्ला.

निघताना रूबीबाईंनी मला विचारलं, तुझ्या आडनावाचे सगळे तुझेच का?

हा प्रश्न मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. नाही, मी म्हणालो. निंबोडे हे गाव आहे, आणि गाव सोडून बाहेर पडलेला प्रत्येक जण निंबोडकर झाला. त्यात गावकुसाबाहेरच्या वस्तीतलेही होते. त्यांच्यातल्या एका निवृत्त शिक्षकाने, धोंडीराम निंबोडकर यांनी, कुलवृत्तांताची जाहिरात वाचून आपल्या घराची माहिती मला पाठवली होती. मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं होतं: आडनाव एक असलं तरी आपलं कुळ एक नाही, कळावे. तेव्हा मला आडनाव आणि कुळ यांतला फरक अगदी पक्का कळत होता. इंग्रजीत आल्यावर मात्र विसरलो.

रूबीबाईंनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "त्याचं पत्र ठेवलंयस?"

ठेवलं होतं. मी कुठलाच कागद फेकत नाही.

पंधरा दिवसांनी साताऱ्याला परतलो. मुग्धाने विमानतळावर सोडताना पासपोर्ट घेतला का, असं मलाच चार वेळा विचारलं. घरी आल्यावर कुलूप एकदाच ओढून बघितलं आणि बॅगा न उघडता कपाट उघडलं. 'नामंजूर' अशी चिठ्ठी लावलेली फाइल सगळ्यात खाली होती. धोंडीरामांचं पत्र दोन पानांचं निघालं. पहिलं पान वाचल्याचं मला आठवत होतं, त्यावर माझी लाल रेघही होती. दुसरं पान मी तेव्हा उलटलंच नव्हतं.

त्यावर लिहिलं होतं, की आम्हाला आपल्या कुळात घ्या असा आग्रह नाही. आमचे थोरले बंधू दुष्काळात मुंबईला कामाला गेले, त्यानंतर त्यांचा ठावठिकाणा लागला नाही. आपलं पुस्तक सगळ्या निंबोडकरांच्या घरी जाणार आहे असं वाचलं. आमचं नाव आणि पत्ता शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलात तरी पुष्कळ होईल. दादा नाही तर त्यांची मुलंबाळं वाचतील.

सुलभाने ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. पत्रावर सोलापूरचा पत्ता आणि फोन नंबर आहे. फोन लावला तर तो क्रमांक आता अस्तित्वात नाही असं सांगतात. ते गृहस्थ त्या घरात असतील का, असतील तर मला दारात उभं करतील का, या काळजीने दोन दिवस मला जेवण गेलेलं नाही. उद्या सकाळच्या एसटीने निघतो आहे. या वेळी छापून काही नेत नाही. एक कोरी वही घेतली आहे.